ईसीएचएस पुरे, की वर मेडिक्लेमही घ्यावा?

निवृत्त हवालदार असलेल्या एका भाऊंचा प्रश्न: घरी पत्नी, मधुमेही आई आणि २६ वर्षांचा मुलगा, ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्य योजनेचं, कार्ड असताना मेडिक्लेमचा हप्ता भरायचा का?

खर्चात ईसीएचएसला तोड नाही. हवालदारापर्यंतच्या पदांना एकदाच ३०,००० रुपये, पुढे आयुष्यभर काही नाही. वीरपत्नींना तेही माफ. मेडिक्लेमचा हप्ता दरवर्षी, आणि वयाबरोबर वाढता.

जुन्या आजारांचं पाहा. ईसीएचएसमध्ये पहिल्या दिवसापासून उपचार, खर्चाला कमाल मर्यादा नाही, रोजची औषधंही पॉलिक्लिनिकमधून, म्हणजे योजनेच्याच दवाखान्यातून. मेडिक्लेममध्ये आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि बहुतेक पॉलिसी रोजच्या गोळ्यांचे पैसे देत नाहीत. आईसाठी, त्या उत्पन्नाच्या अटीत बसत असतील तर, मला दुसरा विचारच करावासा वाटत नाही.

त्रास आहे तो धावपळीचा. एरवी आधी पॉलिक्लिनिक, तिथून रेफरलची चिठ्ठी, मग पॅनेलवरचं, म्हणजे योजनेशी करार असलेलं, रुग्णालय. दुर्गम गावातून आजारी माणसाला घेऊन एवढं फिरणं सोपं नाही, आणि ज्यांनी उमेदीची वर्षं सीमेवर घालवली त्यांच्या वाट्याला ते यावं याचं वाईट वाटतं. तातडीच्या वेळी मात्र थेट दाखल व्हा; रुग्णालय पॅनेलबाहेरचं असेल तर ४८ तासांत पॉलिक्लिनिकला कळवा. परतावा सरकारी दरानेच मिळतो.

पती-पत्नी आणि आईला ईसीएचएस पुरेसं आहे. मुलाला मात्र स्वतंत्र मेडिक्लेम घ्याच; धडधाकट मुलगा पंचविशीनंतर या योजनेत बसत नाही. पॅनेलवरचं रुग्णालय फार लांब असेल आणि हप्ता झेपत असेल, तर स्वतःसाठीही छोटी पॉलिसी घ्या.