माझी जर्सी पाहून क्लब ठरवणारा स्काउट

मी १२ ते १५ वयोगटातल्या मुलांना फुटबॉल शिकवतो. माझ्या संघातल्या चार कुटुंबांचे पैसे एका खोट्या स्काउटने, म्हणजे क्लबसाठी गुणी खेळाडू हेरणारा म्हणवणाऱ्या माणसाने, लुबाडले, आणि ते त्याला मिळाले माझ्या शब्दावर. म्हणून घडलं तसं सगळं लिहितो आहे.

तो पहिल्यांदा आला तो एका साध्या सराव सामन्याला. कडेला उभा राहून मोबाइलवर चित्रण करत होता. सामना संपल्यावर जवळ आला, मुलांचं कौतुक केलं आणि परदेशातल्या एका मोठ्या क्लबसाठी गुणी मुलं शोधतो म्हणाला. कोणता क्लब, असं मी विचारलं. ‘अजून गोपनीय आहे’, एवढंच बोलला. मग आम्ही फुटबॉलवर बोलत बसलो. मी गेली बावीस वर्षं एकाच क्लबचा चाहता आहे. त्या दिवशीही त्याच क्लबची जर्सी माझ्या अंगावर होती. तो माझ्या आवडत्या खेळाडूंबद्दल विचारत गेला आणि मी सांगत गेलो.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला तेव्हा गोपनीयता संपली होती. क्लब माझाच निघाला. त्या क्षणी मला काय वाटलं ते शब्दांत सांगणं कठीण आहे. ज्या संघासाठी इतकी वर्षं जीव टाकला, त्याच्या अकादमीत माझ्या हाताखालचा मुलगा जाणार! शंका घ्यायची जागा मनात उरलीच नाही.

त्याला फुटबॉलचं ज्ञान होतं, हे मान्य करायलाच हवं. खेळाडूची विक्री झाली की त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये हस्तांतराच्या रकमेतला ५ टक्के वाटा विभागला जातो, हा फिफाचा, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेचा, नियम त्याने मला बरोबर सांगितला. ‘उद्या तुमच्या संघालाही मिळेल, कोच.’ नियम खरा, त्यामुळे सांगणाराही खरा वाटला.

मग त्याने मला फॉर्मची एक प्रत दिली. झेरॉक्स मीच काढल्या आणि मुलांना मीच वाटल्या. तो फॉर्म आजही माझ्याकडे आहे. खेळाबद्दल त्यात दोनच रकाने आहेत: खेळण्याची जागा आणि उजवा पाय की डावा. पालकांबद्दल आठ. वडिलांचा व्यवसाय, आईचा व्यवसाय, घर स्वतःचं की भाड्याचं, नातेवाईक परदेशात आहेत का. मुलाची जन्मतारीखसुद्धा विचारलेली नव्हती. एकाच वयोगटात वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं अंगाने थोराड असतात आणि म्हणून जास्त निवडली जातात, हे मुलं पारखणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. जन्मतारीख न विचारणारा स्काउट असूच शकत नाही. हे मला कळत होतं, तरी मी फॉर्म वाटले.

निवड झाली चार मुलांची. संघातला सर्वांत तयार मुलगा, जो पास यायच्या आधी मान वळवून मागचा माणूस पाहून घेतो, तो त्यात नव्हता. त्याच्या घरची परिस्थिती बेताची आहे. उलट, ज्याचा पहिला टच अजून दोन हात लांब जातो, म्हणजे आलेला चेंडू पायाजवळ थांबतच नाही, तो निवडला गेला. मला खटकलं. ‘आम्ही अंगभूत क्षमता पाहतो’, असं उत्तर मिळालं आणि मी गप्प बसलो.

निवडीचं पत्र क्लबच्या छापील कागदावर आलं. त्यावरचं बोधचिन्ह क्लबने केव्हाच बदललेलं, जुनं होतं. बावीस वर्षांच्या चाहत्याला ते न दिसणं शक्यच नव्हतं. मला दिसलंही. जुने कागद संपवत असतील, अशी समजूत माझी मीच घालून घेतली. ईमेलच्या पत्त्यात क्लबच्या नावापुढे एक जादा शब्द होता. तो मात्र मी पाहिलाच नाही.

पैसे त्याने एकदम मागितले नाहीत. आधी नोंदणी, मग व्हिसा आणि विमा, मग वैद्यकीय तपासणी. प्रत्येक वेळी मुदत दोन दिवसांची आणि खातं एका व्यक्तीच्या नावावर. तिसऱ्या वेळी एका वडिलांनी पावती आणि करारनामा मागितला. त्यावर त्याने मेस्सीची गोष्ट काढली. ‘मेस्सीचा करार पेपर नॅपकिनवर झाला होता, आणि तुम्ही कागदपत्रांत अडकताय?’ वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यांनी पैसे भरले. त्या मान डोलावण्याची बोचणी अजून गेलेली नाही.

नॅपकिनची ती गोष्ट मला तोंडपाठ होती. १४ डिसेंबर २००० रोजी बार्सिलोना क्लबच्या कार्लेस रेक्साक यांनी १३ वर्षांच्या मेस्सीला घेण्याचा शब्द नॅपकिनवर लिहून दिला. पण तो शब्द क्लबने दिला होता. मेस्सीच्या वाढीच्या संप्रेरकांवरच्या उपचारांचा खर्चही क्लबनेच उचलायचं कबूल केलं होतं. म्हणजे पैसा क्लबकडून कुटुंबाकडे चालला होता. आमच्याकडे तो उलट्या दिशेने चालला होता.

शिवाय तो काळच वेगळा होता. २००१ पासून फिफाने १८ वर्षांखालच्या खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय हस्तांतरावर बंदी घातली आहे. अपवाद मोजके आहेत. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले तर, युरोपीय संघाच्या हद्दीतल्या हद्दीत १६ ते १८ वयाचा खेळाडू असेल तर, किंवा घर आणि क्लब दोन्ही सीमेपासून ५० किलोमीटरच्या आत असतील तर, असे काही. आमची मुलं यातल्या कशातच बसत नव्हती. याच नियमाच्या उल्लंघनामुळे फिफाने २०१४ मध्ये बार्सिलोनावर आणि २०१९ मध्ये चेल्सीवर नवे खेळाडू नोंदवण्याची बंदी घातली. दोन्ही बातम्या मी चाहता म्हणून बारकाईने वाचल्या होत्या, आता कोणाला विकत घेता येणार नाही यावर मित्रांशी तासन्‌तास वाद घातले होते. तोच नियम माझ्या मैदानावरच्या तेरा वर्षांच्या मुलालाही लागू होतो, हे मात्र डोक्यात आलं नाही.

वैद्यकीय तपासणीचे पैसे गेल्यावर त्याचा फोन लागेना. तेव्हा मी क्लबच्या अधिकृत संकेतस्थळावर जाऊन अकादमीला पत्र लिहिलं. नवव्या दिवशी उत्तर आलं: या नावाचा कोणीही माणूस आमच्यासाठी काम करत नाही. हे पत्र मी पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं, तर कोणाचाच एक पैसाही गेला नसता. चारही कुटुंबांना एकत्र बसवून मी ते उत्तर वाचून दाखवलं. पोलिसांत आणि बँकेत तक्रार केली, पण तोवर ते खातं रिकामं झालं होतं.

सगळ्यात वाईट पुढेच होतं. निवड झालेल्यांत आमचा गोलकीपर होता. परक्या भाषेतले ‘माझा’, ‘मागे’, ‘सोड’ असे शब्द त्याने मोबाइलवर ऐकून पाठ केले होते आणि सरावात गोलपोस्टमधून तेच ओरडायचा. बेत फसल्याचं कळल्यावर तो माझ्याकडे येऊन म्हणाला, ‘सर, मी नापास झालो का?’ परीक्षाच झाली नव्हती, हे त्याला पटवायला मला किती दिवस लागले! व्हिडिओ पाहून आपल्याला नाकारलं, असंच तो धरून बसला होता. घरी पैशांबद्दल बोलणं झालं की ते आपल्या खेळामुळे गेले, असंही त्याला वाटायचं. आईवडिलांनो, असं काही झालं तर पैशांच्या आधी मुलाशी बोला.

दोन महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका संघाच्या प्रशिक्षकाने मला एका फॉर्मचा फोटो पाठवला. तेच रकाने, तोच क्रम, ‘व्यवसाय’ या शब्दातली तीच चूक. फक्त वरचं बोधचिन्ह वेगळ्या क्लबचं. मी त्याला विचारलं, ‘तू कोणत्या क्लबचा चाहता?’ त्याने फॉर्मवरच्याच क्लबचं नाव सांगितलं. सरावाला तोही जर्सी घालून जातो.

त्याला मी जे सांगितलं तेच इथे लिहितो. स्काउटने नाव सांगितलं की त्याने दिलेल्या पत्त्यावर नव्हे, तर क्लबच्या संकेतस्थळावरून स्वतः शोधलेल्या पत्त्यावर विचारणा करा. उत्तर येईपर्यंत मुलांना काहीही सांगू नका. चाचणीसाठी आम्ही पैसे घेत नाही, असा इशारा कित्येक मोठ्या क्लबांनी स्वतःच दिलेला आहे. क्लबच्या नावाने पैसे घेऊन चालणारी शिबिरं खरी असू शकतात, पण शिबिराचं प्रमाणपत्र म्हणजे निवड नव्हे. समोरचा स्वतःला एजंट म्हणवत असेल तर फिफाचा परवाना मागा. तो परीक्षा देऊन मिळतो, आणि परवानाधारक एजंटलाही मुलगा पहिला व्यावसायिक करार करण्याच्या वयात येण्याच्या जेमतेम सहा महिने आधीच, तेही पालकांच्या लेखी संमतीने, संपर्क साधता येतो. पैसे गेलेच असतील तर त्याच तासाला बँकेला कळवा, आम्ही फोन लागायची वाट पाहत चार दिवस घालवले. फॉर्म, पत्रं, संदेश काहीही पुसू नका.

त्या प्रशिक्षकाने फॉर्म अजून वाटलेले नव्हते.