जपानी टोनकात्सु की कोरियन डोनकास? सोलला आलात तर कुठे बसायचं

सोलला ओळखीचं कुणी आलं की पहिल्या दोन दिवसांत बार्बेक्यू, बिबिम्बाप, फ्राइड चिकन असं सगळं उरकतं आणि तिसऱ्या दिवशी मला मेसेज येतो, अगं ते कटलेटसारखं काहीतरी दर दुसऱ्या गल्लीत दिसतंय ते काय आहे, खाऊ का? खा. नक्की खा. फक्त आत शिरायच्या आधी एक गोष्ट समजून घ्या, की बाहेरच्या फोटोत दोन्हीकडे सोनेरी तळलेलं मांसच दिसत असलं तरी ही दोन वेगळ्या घराण्यांची दुकानं आहेत, एक जपानी पद्धतीचं (टोनकात्सु) आणि एक जुन्या कोरियन पद्धतीचं (डोनकास), आणि ज्याला जे आवडणार ते न मिळता दुसरंच मिळालं तर माणूस "ठीक होतं" एवढंच म्हणून बाहेर पडतो. मला ते फार लागतं, कारण दोन्ही पदार्थ मनापासून आवडतात मला.

मी सुवॉनला राहते, सोलच्या खाली मेट्रोने तासाभरावर, आणि गेली काही वर्षं महिन्यातून दोन-तीनदा तरी हे खाणं होतंच. तर सुरुवात एका प्रश्नापासून करू.

मिसळ कशी खाता तुम्ही? रस्सा ओतला की लगेच, फरसाण दाताखाली कुरकुर वाजतंय तोवर खाता, की दोन मिनिटं थांबून फरसाण रश्शात मुरू देता? कुरकुरीतवाल्यांनी जपानी दुकानात जावं, मुरवणाऱ्यांनी कोरियन. खरं सांगते, बाकी सगळं वाचलं नाहीत तरी एवढ्यावर ऐंशी टक्के निर्णय होतो.

आता जरा इतिहास, कारण त्यातूनच फरक कळतो. टोनकात्सुमधलं "टोन" म्हणजे डुक्कर आणि "कात्सु" हे आपल्याच कटलेट शब्दाचं जपानी तोंडातलं रूप, कात्सुरेत्सु, त्याचं आखूड. टोकियोच्या गिन्झा भागात रेंगातेइ नावाचं हॉटेल 1895 साली निघालं, आजही चालू आहे, तिथे 1899 च्या सुमारास फ्रेंच पद्धतीचं लोण्यात परतलेलं कटलेट सोडून टेम्पुरासारखं भरपूर तेलात तळलेलं पोर्क कटलेट द्यायला लागले. त्यासोबत बारीक चिरलेला कच्चा कोबी द्यायची पद्धतही तिथलीच असं सांगतात. पुढे जपानी लोकांनी मांसाचा तुकडा जाड केला, आधीच कापून दिला म्हणजे चॉपस्टिकने उचलता यावा, आणि शेजारी भात नि मिसो सूप ठेवलं. म्हणजे पाश्चात्य पदार्थ पूर्ण जपानी करून टाकला. कोरियात मात्र हा पदार्थ जपानी राजवटीच्या काळात आला तो आधीच्या रूपात, पातळ, मोठा, काटा-सुरीने खायचा, वर सॉस, आणि 1960 नंतरच्या दोन-तीन दशकांत ग्योंगयांगशिक नावाच्या "हलक्या पाश्चात्य" हॉटेलांतून तो लोकांच्या मनात बसला. वाढदिवस, शाळेचा निरोप समारंभ, लग्नासाठी मुलगा-मुलगी पहिल्यांदा भेटणार, असल्या दिवशी तिथे जायचं. माझ्या ऑफिसातल्या पन्नाशीच्या ताई डोनकास म्हटलं की अजून हळव्या होतात, वेटर विचारायचा ब्रेड हवा की भात, आणि त्या वयात ब्रेड म्हणणं म्हणजे केवढं भारी वाटायचं म्हणे.

म्हणून कोरियन डोनकास ही जपानीची नक्कल आहे असं कुणी म्हटलं तर मला पटत नाही. उलट जपानने जे मागे सोडलं ते कोरियाने जपून ठेवलं आणि त्यात आपलं घातलं.

जपानी पद्धतीच्या दुकानात (इथे त्याला इल्शिक डोनकास म्हणतात) मेनूत मुख्य दोन गोष्टी असतात, तुंगशिम आणि आनशिम. तुंगशिम म्हणजे पाठीचं मांस, एका कडेला चरबीची पट्टी असते, चव जास्त पण चावायला लागतं. आनशिम म्हणजे आतलं मऊ मांस, चरबी जवळजवळ नाही, लोण्यासारखं तुटतं. पहिल्यांदा जात असाल तर आनशिम घ्या. तुकडा दोन बोटं जाड असतो, वरचा चुरा न वाळवलेल्या ब्रेडचा, जाडसर, तळल्यावर काट्यासारखा उभा राहतो. आपली सुरमई रवा फ्राय आठवा, रव्याचं आवरण कसं घट्ट, कडक बसतं, हे तसं नाही, हे हलकं आणि पोकळ असतं, दाताखाली मोडतं आणि गायब. चांगल्या दुकानात हे तुकडे ताटलीवर थेट ठेवत नाहीत, खाली तारेची छोटी जाळी असते म्हणजे वाफेने बूड ओलं होत नाही. ही जाळी दिसली की मला बरं वाटतं, या माणसाला आपल्या पदार्थाची काळजी आहे हे कळतं. सॉस वेगळ्या वाटीत, सोबत मीठ, वासाबी, कधी तीळ आणि ते कुटायला आतून खडबडीत वाटी. पहिला तुकडा नुसत्या मिठाबरोबर खा. सॉस नंतर. कोबी, भात, सूप बऱ्याच ठिकाणी परत मागितलं तर मिळतं.

एक गोष्ट आधीच सांगते, मांस मधोमध गुलाबी असू शकतं. माझे बाबा आले होते तेव्हा त्यांनी ताट मागे सरकवलं, कच्चं आहे म्हणाले, आणि मला काही सुचेना. कच्चं नव्हतं, कमी तापमानावर सावकाश तळून, मग थोडा वेळ तसंच ठेवून आतल्या उष्णतेवर शिजवतात त्याने तो रंग राहतो, कित्येक दुकानांत तशी पाटीही लावलेली असते. पण ज्याला डोळ्यांनी पटत नाही त्याला घशाखाली उतरत नाही, हेही खरंच. आईवडील बरोबर असतील तर हा विचार करा. बाबांना दुसऱ्या दिवशी कोरियन डोनकास दिलं, ते त्यांनी सगळं संपवलं.

कोरियन पद्धतीत आधी येतं सूप. पांढरं, घट्ट, मैद्याचं क्रीम सूप, वर मिरपूड भुरभुरायची. साधं असतं, पण थंडीत जानेवारीत बाहेर शून्याच्या खाली असताना ती वाटी हातात धरली की बरं वाटतं. मग येते ताटली, आणि ताटली बघूनच पोरं ओरडतात, कारण वांगडोनकास (वांग म्हणजे राजा) खरोखर चेहऱ्यापेक्षा मोठं असतं. मांस हातोडीने बडवून बडवून पातळ केलेलं, आणि वर सगळीकडे तपकिरी सॉस ओतलेला. हा सॉस लोणी आणि मैदा परतून, त्यात केचप, वूस्टरसारखा आंबट सॉस वगैरे घालून करतात, गोडसर, जरा आंबट, प्रत्येक दुकानाचा थोडा निराळा. शेजारी भाताचा एक गोल डोंगर, बारीक कोबी नि त्यावर गुलाबीसर केचप-मेयोनीज, मॅकरोनी सॅलड, थोडा मका, पिवळ्या मुळ्याचं लोणचं किंवा काक्तुगी म्हणजे मुळ्याची किमची. कडा अजून कुरकुरीत असतात, मधला भाग सॉस पिऊन मऊ झालेला. पहिला घास कडेचा, मग हळूहळू आत यायचं, शेवटी भाताला तो सॉस पुसून खायचा, हा भाग मला सगळ्यात आवडतो.

ज्यांना गोड सॉसचा कंटाळा येतो (आपल्याकडच्या बहुतेकांना अर्ध्यावर येतोच) त्यांच्यासाठी नामसानचा, म्हणजे सोलच्या मधोमध असलेल्या डोंगराचा, रस्ता. नामसान टॉवरला जायची केबल कार जिथून सुटते तिथे खाली डोनकासच्या दुकानांची रांगच आहे, बऱ्याच पाट्यांवर "वोंजो" म्हणजे अस्सल मूळ दुकान असं लिहिलेलं, कोण खरं त्यात पडू नका. टॅक्सी चालवणाऱ्यांच्या खानावळींतून ही गल्ली वाढली असं सांगतात. तिथे ताटाबरोबर हिरव्या मिरच्या आणि बुडवायला स्सामजांग (सोयाबीन-मिरचीची घट्ट चटणी) देतात. तळलेलं खाताना मध्येच कच्ची मिरची चावायची, वडापावची सवय असलेल्या माणसाला यात वेगळं काही शिकायला लागत नाही.

आता महत्त्वाचं. मुळात हे डुकराचं मांस आहे, दोन्हीकडे. जे खात नाहीत त्यांनी चिकनकास किंवा सेंगसनकास (मासा, सोबत टार्टर सॉस) शोधायचं, कोरियन दुकानांत मासा बऱ्यापैकी मिळतो, जपानी पद्धतीच्या छोट्या खास दुकानांत कधीकधी पोर्कशिवाय काहीच नसतं. आणि चीजकास या नावाला फसू नका. माझा मावसभाऊ पोर्क खात नाही, एका स्टेशनजवळच्या दुकानात त्याने फोटोत लांब ताणलेलं चीज बघून ते मागवलं, त्याला वाटलं नुसतं चीज तळलेलं असेल, आणि मीही त्या वेळी फोनवर बोलत होते, लक्ष नव्हतं माझं. दोन घास झाल्यावर कळलं की चीजच्या भोवती पोर्कची पातळ गुंडाळी असते. तो काही बोलला नाही पण त्या दिवशी नंतर काही खाल्लंही नाही त्याने, आणि मला ते अजून बोचतं. रताळं घातलेलं गोगुमा चीजकासही तसंच. म्हणून विचारा, "इगॉ ट्वेजीगोगी येयो?" म्हणजे हे डुकराचं आहे का. गोमांस चालत नसेल तर "सोगोगी" हा शब्द लक्षात ठेवा, कारण तपकिरी सॉसमध्ये त्याचा अर्क असू शकतो. तळायचं तेलही सगळ्याला एकच असतं बहुतेक ठिकाणी. पूर्ण शाकाहारी असाल तर मी मनापासून सांगते, या दोन्हीतल्या कुठल्याच दुकानात जाऊ नका, कोबी-भातावर पैसे घालवण्यात अर्थ नाही.

पैशांचं म्हणाल तर कोरियन पद्धतीचं साधारण 9,000 ते 13,000 वॉन, जपानी पद्धतीचं चांगल्या दुकानात 13,000 पासून पुढे, 10,000 वॉन म्हणजे आपले सहाशेच्या आसपास. टिप द्यायची नसते. वांगडोनकास दोघांत एक पुरेल असं वाटतं पण माणशी एक डिश घ्यावीच लागेल असा नियम खूप दुकानांत असतो, आधी बघून घ्या. वेळेचाही फरक आहे, पातळ कटलेट पटकन येतं, जाड तुकड्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि नावाजलेल्या जपानी पद्धतीच्या दुकानात रांग वेगळी, काही ठराविक मांस तर दुपारीच संपतं. दुपारी 3 ते 5 बरीच दुकानं बंद असतात, दोन्ही प्रकारची, तेव्हा भुकेल्या पोरांना घेऊन चारला पोचू नका.

तिसरा एक पर्याय आहे, मॉलमधली, स्टेशनखालची जपानी-कोरियन मिक्स दुकानं. यात सगळंच असतं, कटलेट आणि करी, कटलेट आणि उदोन (जाड नूडल्स), उन्हाळ्यात थंडगार मोमिल (कुट्टूच्या पिठाच्या) नूडल्स आणि कटलेटचा सेट. यातलं बहुतेक सगळं मध्यम, मांस पातळ नाही जाड नाही, चुरा थोडा तेलकट, पण घरातल्या पाच जणांची पाच मतं असतील तर भांडण मिटतं. तिथे एकच गोष्ट मी आवर्जून मागवते, किमची नाबे. छोट्या भांड्यात उकळता लालभडक किमचीचा रस्सा, त्यात अंडं, आणि त्यात कटलेटच बुडवलेलं. कुरकुरीतपणा गेला तो गेला, पण आंबट-तिखट रस्सा प्यायलेला तो चुरा भाताबरोबर, अहाहा. मिसळ मुरवणाऱ्यांनी हे चुकवू नये.

मग कुठे जायचं? एकटे असाल, मांसाच्या चवीचं कौतुक असेल, थांबायची तयारी असेल तर जपानी, काउंटरवर बसा, आनशिम घ्या. लहान मुलं, आजी-आजोबा, किंवा खूप चालून पाय दुखतायत नि पोटभर हवंय तर कोरियन. याच ट्रिपमध्ये पुढे जपानलाही जाणार असाल तर मग प्रश्नच नाही, टोनकात्सु टोकियोत खा आणि सोलमध्ये डोनकास. आणि सोलमध्ये एकच जेवण उरलंय असं असेल तर, मला आनशिम जास्त आवडत असूनही, मी तुम्हाला कोरियनच सांगेन, कारण बऱ्यापैकी टोनकात्सु आता सिंगापूर, बँकॉक, कुठेही मिळेल, पण ते पांढरं सूप, तो सॉस, ती मिरची हे असं एका ताटात इथेच.

नामसानला जाणार असाल तर साडेअकराला पोचा, बाराला ऑफिसवाले येतात. आधी जेवा, मग टॉवरला चालत चढा, केबल कार उतरताना घ्या. सॉस वेगळा हवा असेल तर ऑर्डर देतानाच म्हणायचं, "सोसू तारो चुसेयो."