फॅमिली डॉक्टर, ४ स्टार (एक मुद्दाम कापलाय)

ताईबरोबर गेले होते. क्लिनिक स्वच्छ, वेटिंग मात्र जाम. आधीच्या डॉक्टरांकडे ती डोकं दुखतं, झोप नाही, पोटात दुखतं म्हणून सारखी जायची, दर वेळी गोळ्या, आणि दाजी शेजारी बसून तिच्या वतीने उत्तरं देणार, डॉक्टरही त्यांच्याशीच बोलणार!! दंडावर एक वळ काळानिळा, दुसरा पिवळा पडलेला, म्हणजे एकाच दिवशीचे नाहीत हे मलासुद्धा कळत होतं.

इथल्या मॅडमनी बीपी घेताना ते बघितलं, तपासायचंय म्हणून सगळ्यांना बाहेर काढलं (मलापण, जरा राग आला पण बरोबरच केलं) आणि सरळ विचारलं, घरी कोणी मारतं का, भीती वाटते का. ताई म्हणाली लेक्चर नाही, 'सोडून का देत नाहीस' नाही, नुसतं ऐकून घेतलं, आज घरी जाणं सेफ आहे का, मुलांचं काय ते विचारलं, जखमा नीट मोजून लिहून ठेवल्या आणि पुढचं तिलाच ठरवू दिलं. डब्ल्यूएचओच्या २०१३ च्या गाइडलाइन्समध्येपण हेच आहे, खूण दिसली की एकटीला विचारा, जबरदस्ती नको. जगात साधारण तीनातल्या एका बाईच्या वाट्याला आयुष्यात कधीतरी नवऱ्याची/जोडीदाराची मारहाण किंवा कुणाचीतरी लैंगिक हिंसा येते, तरी निम्मे डॉक्टर नजर चुकवतात असं वाटतं.

स्टार कापला कारण पुढच्या अपॉइंटमेंटचा मेसेज दाजींच्या मोबाइलवर गेला. नशीब त्यात फक्त 'तपासणी' होतं. रिसेप्शनवर आधी नंबर बदलून घ्या.