जुन्या गाडीची रेस उतरत नाही: सफाई, गळती की नवा पार्ट?

इंजिन गरम, गिअर न्यूट्रलमध्ये, एसी बंद, पाय ॲक्सिलरेटरवर नाही, आणि तरीही आरपीएमचा (इंजिनाच्या फेऱ्यांचा, म्हणजेच रेसचा) काटा 1,500 च्या खाली यायला तयार नाही. सातारा-सांगलीत अजून भरपूर धावणाऱ्या झेन, वॅगनआर, सँट्रो, अल्टो या पिढीच्या पेट्रोल गाड्यांचं हे नेहमीचं दुखणं. गरम इंजिनाला साधारण 750 ते 900 आरपीएम पुरतात. सकाळी गारठ्यात सुरू केल्यावर रेस काही मिनिटं 1,200-1,500 वर राहिली तर काळजी नको, एसी लावल्यावर थोडी वाढली तरी नको. बेस मॉडेलला काटाच नसतो, तिथे कानावर भागवायचं. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडल्यावर पाय न लावता गाडी पळू लागली तर रेस चढलीय असं समजायचंच.

दुर्लक्ष केलं तर पेट्रोल जातं, हे सगळ्यांना कळतं. घाटात काय होतं याकडे मात्र लक्ष जात नाही. यवतेश्वरहून साताऱ्यात किंवा पसरणीचा घाट वाईकडे उतरताना आपण खालच्या गिअरवर इंजिनाचा ब्रेक धरतो. रेस चढलेलं इंजिन गाडीला अडवायच्या ऐवजी ढकलतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

गॅरेजमध्ये गेलं की बहुतेक वेळा तीनपैकी एक उत्तर मिळतं. थ्रॉटल बॉडी, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणारी पाकळी असलेलं हवेचं तोंड, साफ करू. आयडल व्हॉल्व्ह, म्हणजे पाय काढल्यावर इंजिनाला लागणारी हवा सोडणारा व्हॉल्व्ह, गेलाय, बदलू. नाहीतर, थांबा, स्क्रू फिरवून स्लो करून देतो. ‘पाइप कुठंतरी एअर घेतोय, शोधू’ हे चौथं उत्तर क्वचित ऐकू येतं, कारण शोधण्यात वेळ जातो आणि बिलात लिहायला काही उरत नाही. माझा कल याच चौथ्याकडे आहे.

पेट्रोल इंजिन वेगाने फिरतंय म्हणजे त्याला कुठून तरी जास्त हवा मिळतेय. मारुतीच्या त्या काळच्या बहुतेक एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल सोडणाऱ्या) गाड्यांमध्ये इंजिनाचा कॉम्प्युटर मॅनिफोल्डमधला, म्हणजे थ्रॉटलमागच्या हवेच्या नळ्यांमधला, दाब बघून पेट्रोल सोडतो. चिरलेल्या पाइपातून हवा शिरली की दाब वाढतो, कॉम्प्युटर त्या हवेच्या हिशोबाने पेट्रोलही वाढवतो आणि रेस चढते. म्हणून पहिला प्रश्न एकच: ही जादा हवा थ्रॉटलच्या तोंडातून येतेय की मागच्या कुठल्या फटीतून?

याचं उत्तर फुकटात मिळतं. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, न्यूट्रलमध्ये चालू ठेवा. एअर फिल्टरकडून येणारी जाड नळी थ्रॉटल बॉडीवरून काढा आणि उघड्या तोंडावर जाड पुठ्ठा सपाट दाबून धरा. नळीला जोडलेला बारीक ब्रीदर पाइप सुटला असेल तर त्याचंही तोंड बंद करा. इंजिन लगेच बंद पडलं तर हवा सगळी समोरूनच येत होती: केबल, पाकळी, स्क्रू किंवा आयडल व्हॉल्व्ह. गुरगुरत का होईना चालू राहिलं तर मागे गळती आहे, आणि अशा वेळी थ्रॉटल बॉडी आरशासारखी चकचकीत केली तरी रेस उतरणार नाही.

गळती असेल तर शोधायची कुठे? आधी ब्रेक बूस्टरचा, म्हणजे पेडल हलकं करणाऱ्या डब्याचा, जाड पाइप. पेडल कडक लागत असेल किंवा दाबल्यावर फुसफुस ऐकू येत असेल तर संशय पक्का. मग पीसीव्हीचा, म्हणजे इंजिनातली वाफ ओढून नेणारा, पाइप, जो तेलाच्या वाफेने फुगून मऊ होतो नाहीतर कोपऱ्यावर चिरतो. मग मॅनिफोल्डचं पॅकिंग. एकेक पाइप फडक्यात गुंडाळून पकडीने हळूच चिमटायचा. ज्याला चिमटल्यावर रेस उतरेल तो पाइप, किंवा तो जिथे जातो तो भाग, गुन्हेगार. रबर वाळून कडक झालं असेल तर चिमटू नका, तिथेच तडकेल. पॅकिंगच्या कडेला बाटलीने पाण्याचा बारीक फवारा मारला की आवाज बदलतो. काही मिस्त्री यासाठी कार्ब क्लीनर फवारतात. तापलेल्या इंजिनावर तो पेट घेऊ शकतो, तुम्ही करू नका.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट म्हणजे उंदीर. उसाच्या फडाशेजारी किंवा गोठ्यालगतच्या शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या गाडीचे पाइप आणि वायरी कुरतडलेल्या निघणं नवीन नाही. बोनेट उघडून टॉर्च मारायला पैसे पडत नाहीत. पाइपाचा तुकडा आणि दोन क्लॅम्प हा या सगळ्यातला सर्वात स्वस्त इलाज.

आता पुठ्ठ्याने इंजिन बंद पडलं असं धरू. व्हॉल्व्हच्या आधी केबल बघा. ॲक्सिलरेटरची केबल पाकळी मिटलेली असताना किंचित सैल हवी. गंजून अडकलेली किंवा कुणीतरी ताणून बसवलेली केबल पाकळी पूर्ण मिटूच देत नाही. सर्व्हिसिंग करून आणल्यापासून रेस चढली असेल तर हीच पहिली शंका.

केबल ठीक असेल तर थ्रॉटल बॉडीच्या आत, पाकळीच्या अलीकडे, एक छोटं भोक दिसेल. आयडल व्हॉल्व्हकडे हवा तिथून जाते. इंजिन चालू असताना ते बोटाने बंद केलं आणि रेस धाडकन खाली आली, तर व्हॉल्व्ह जास्त उघडा आहे. फरकच पडला नाही तर व्हॉल्व्ह निर्दोष. पाकळी किंवा स्क्रू बघा. व्हॉल्व्हची शिफारस झाली की ही चाचणी समोर करून दाखवायला सांगा.

सफाई आणि नवा व्हॉल्व्ह यांत निवडायचं तर माझं मत सरळ आहे: व्हॉल्व्ह चिकटलेला निघाला तर आधी सफाई. स्प्रेच्या डब्याला काहीशे रुपये, नव्या पार्टला त्याच्या कितीतरी पट. पण सफाईकडून अपेक्षा बेताच्या ठेवा. काजळी साचली की बहुतेक वेळा उलटंच होतं, हवेची वाट अरुंद होऊन गाडी सिग्नलला बंद पडते. काजळीने पाकळी अर्धवट अडकवली किंवा व्हॉल्व्ह उघड्या अवस्थेत चिकटला, तरच सफाईने रेस उतरते. सफाईनंतर रेस उलट वाढली म्हणून लगेच घाबरू नका. कॉम्प्युटरला मळलेल्या वाटेची सवय झालेली असते. बॅटरीची निगेटिव्ह तार थोडा वेळ काढून पुन्हा जोडायची आणि एसी, दिवे बंद ठेवून गाडी गरम होईपर्यंत नुसती चालू ठेवायची. बऱ्याच गाड्या तेवढ्यावर ताळ्यावर येतात.

कधी कधी व्हॉल्व्ह उघडा असतो तो बिघडलाय म्हणून नाही, कॉम्प्युटरनेच उघडा ठेवलाय म्हणून. इंजिन थंड आहे असं त्याला वाटत असतं. इथे दोन शक्यता. एक, कूलंटच्या तापमानाचा सेन्सर चुकीचं सांगतोय. मल्टिमीटरवर बहुतेक सेन्सर 20 अंशांना अडीच हजार ओहमच्या आसपास आणि 80 अंशांना तीनशेच्या आसपास दाखवतात. गरम इंजिनावर हजारात आकडा आला तर सेन्सर बदला. दुसरी, इंजिन खरोखरच थंड आहे. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवून धरणारा व्हॉल्व्ह) काढून फेकायची आपल्याकडे जुनी रीत आहे. मग डिसेंबरात कास रस्त्याला गाडी पुरेशी गरमच होत नाही आणि रेस चढलेली राहते. तापमानाचा काटा मधोमध येत नसेल तर सेन्सरच्या आधी विचारा, थर्मोस्टॅट आहे का जागेवर? कूलंट कमी असेल तर सेन्सर हवेत लोंबतो, हेही बघून घ्या.

स्क्रूवाला इलाज मी टाळेन. पाकळीच्या टेकणीचा स्क्रू कारखान्यात लावून दिलेला असतो. तो पिळून आरपीएम खाली आणले तर आज बरं वाटतं, पण पाकळीची जागा सांगणाऱ्या सेन्सरचा हिशोब चुकतो आणि पुढे एसी लावला की गाडी बंद पडायला लागते. कार्ब्युरेटरवाल्या जुन्या 800 ला स्क्रूचं सेटिंग ही रीतसर गोष्ट आहे, तिथे आधी चोकची केबल पूर्ण आत जाते ना एवढं बघायचं. एलपीजी किट असेल तर गाडी पेट्रोलवर आणि गॅसवर वेगवेगळी चालवून बघा. फक्त गॅसवर रेस चढत असेल तर किटवाल्याकडे जा.

सांगलीत जुनी गाडी घेणाऱ्याने एक जादा प्रश्न विचारायलाच हवा: ही 2019 किंवा 2021 च्या महापुरात पाण्यात होती का? बुडालेल्या गाडीचे कनेक्टर आतून हिरवे पडतात आणि सेन्सर कधी खरं, कधी खोटं बोलतात. रेस आज चढते, उद्या उतरते, पाऊस पडला की पुन्हा चढते. अशा गाडीत पार्ट बदलत बसू नका. कनेक्टर एकेक करून उघडून साफ करायला तयार असलेला वायरमन गाठा.

राहिला प्रश्न कुणाकडे जायचं. केबलवाल्या गाडीला ओळखीचा मिस्त्री पुरतो, फक्त तो पुठ्ठ्याची चाचणी करायला तयार हवा. चेक इंजिनचा दिवा लागलाय, किंवा थ्रॉटलला केबलच नाही, सगळं इलेक्ट्रॉनिक आहे, तर कंपनीचं वर्कशॉप बरं. तिथली पाकळी बोटाने ढकलली तर यंत्रणा बिघडू शकते आणि सफाईनंतरचं सेटिंग बऱ्याचदा स्कॅनरनेच करावं लागतं. कॉम्प्युटरमधले बिघाड मोबाइलवर दाखवणारं ब्लूटूथचं स्वस्त यंत्र घ्यायच्या विचारात असाल तर 2010 च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांशी ते जोडलंच जात नाही. तुमच्या मॉडेलचा स्कॅनर आहे का, हे वर्कशॉपला फोनवरच विचारा आणि मगच गाडी न्या.