कॅम्पवरून आतल्या धबधब्याला: ओढ्यातनं जायचं की धारेवरनं?

तंबू लागले की पहिला प्रश्न हाच, उद्या धबधब्याला कुठनं जायचं. बहुतेक ठिकाणी दोनच वाटा असतात, एक म्हणजे कॅम्पशेजारनं वाहणारा ओढा धरून सरळ वर, आणि दुसरी म्हणजे सोंडेवर, म्हणजे डोंगराच्या खाली उतरत आलेल्या फाट्यावर, चढून धारेवरनं, म्हणजे डोंगराच्या अरुंद माथ्यावरनं, चालत जायचं आणि शेवटी कुंडापाशी उतरायचं. मी दोन्हीकडनं बऱ्याचदा गेलोय आणि सोबत नवीन माणसं असली की धारेवरनंच नेतो.

नकाशात ओढा जवळचा दिसतो आणि तिथंच फसायला होतं. समजा ओढ्यानं २ किलोमीटर आहे आणि धारेवरनं ४ किलोमीटर, वर ३०० मीटरचा चढ. चालायच्या वेळेचा एक जुना ठोकताळा आहे, विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये मांडलेला, साधारण ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास, म्हणजे धारेवरनं सव्वा तासाच्या थोडं वर. पण तो धडधाकट माणसाचा, न थांबता चालायचा हिशोब आहे, आपण फोटो काढत पाणी पीत जाणार तर दोन तास धरा. ओढ्यात हा हिशोब लागूच होत नाही, कारण तिथं आपण चालत नसतो, या दगडावरनं त्या दगडावर जात असतो, मध्येच गुडघाभर पाणी, मध्येच आडवं पडलेलं झाड, तासाला १ किलोमीटर झालं तरी चांगलं. म्हणजे तिकडनंही दोनच तास, वर पाय भिजलेले आणि पोटऱ्या भरून आलेल्या.

पण खरं सांगू, सुंदर ओढाच आहे. सावली, सतत पाण्याचा आवाज, कातळातले रांजणखळगे, आणि वळणाआडनं धबधबा एकदम समोर येतो तेव्हा जे वाटतं ते धारेवरनं उतरताना नाही वाटत, तिकडनं तो आधीपासनंच दिसत राहतो. म्हणून ओढा नकोच असं मी म्हणणार नाही, पण दगड ओळखता यायला पाहिजेत. फिका खरखरीत दगड सहसा पाय धरतो. काळपट, ओला, चकचकीत दगड दिसला की आधी बोट घासून बघा, नखात हिरवं आलं तर त्याच्यावर शेवाळाचा थर आहे, तिथं बूट कितीही महाग असू दे, सटकणारच. माझ्या एका मित्राचा घोटा असाच मुरगळला, उडी मारताना नाही, उभं राहून बाटली भरताना.

आणि पाण्याचं गणित वेगळंच असतं, वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. जोरात वाहणारं १५ सेंटिमीटर पाणीसुद्धा मोठ्या माणसाला पाडू शकतं. एकदा आम्ही एका डोहापाशी बसलो होतो, तळातले खडे मोजता येतील इतकं नितळ पाणी, डोक्यावर निळं आभाळ. थोड्या वेळानं बघतो तर खडे दिसेनात, मग काड्या आणि पालापाचोळा वाहत यायला लागला आणि आवाज जड झाला. वर कुठंतरी पाऊस पडला होता. आम्ही सामान उचललं आणि बाजूच्या उतारावर चढलो, ओढ्यानं खाली पळालो नाही, हे लक्षात ठेवा, पाण्याच्या पुढं पळून उपयोग नसतो, बाजूला वर चढायचं.

धारेवर ही भीती नाही, पण वाटेत पाणी नाही, त्यामुळे माणशी दोन लिटर तरी कॅम्पवरनंच घ्या. ऊन आणि वारा थेट अंगावर. ढग गडगडायला लागले तर धार सगळ्यात वाईट जागा, वीज दिसल्यापासनं आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजा, तीननं भागा, तितके किलोमीटर ती लांब आहे. पण आवाज ऐकू आला म्हणजेच खाली उतरायची वेळ झाली, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी परत वर जायचं नाही. आणि शेवटच्या उतारावर घसारा, म्हणजे पायाखाली सरकणारी सुटी माती-खडी, असला तर गुडघे बोलायला लागतात, ज्यांचे आधीच दुखतायत त्यांच्यासाठी ही वाट बरी नाही. अशांनी ओढ्यानं पहिल्या डोहापर्यंत जाऊन बसावं, तिथंही मन भरतं.

परतीचं बोलायचं तर ओढ्यातनं दुपारनंतर येऊच नका. घळीत अंधार लवकर होतो, वर ऊन असतं तेव्हा खाली दगड नीट दिसत नाही, आणि कातळभिंतींमुळं मोबाईलवरचं जीपीएस भलतीकडंच दाखवतं.

पोचल्यावर नियम दोन्ही वाटांना सारखाच, धबधब्याच्या थेट खाली उभं राहायचं नाही, वरनं दगड येतात, आणि कुंडात सूर मारायचा नाही. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यात माणूस नीट तरंगत नाही.

दोन्हीला सकाळी लवकरच निघा. ओढ्यानं जायचं मनात असेल तर आदल्या संध्याकाळी काठाला पाण्याच्या रेघेवर एक काडी रोवून ठेवा आणि उजाडल्यावर बघा. काडी कोरडी उभी असली, पाणी नितळ असलं आणि वरच्या अंगाला ढग नसले तर जा ओढ्यानं. काडीभोवती पाणी आलं असलं तर त्या दिवशी धार.