परसातील पफ पॅनेलची कार्यखोली

घरून काम करता यावे म्हणून जळगावातील आमच्या घराच्या परसात पफ पॅनेलची, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये पॉलियुरेथेन फोम भरलेल्या तयार फलकांची, दहा बाय बारा फुटांची स्वतंत्र खोली आम्ही एका स्थानिक फॅब्रिकेटरकडून उभारून घेतली. खोलीने उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही पाहिले असल्याने आता तिच्याविषयी खात्रीने लिहिता येते. भिंती व छत उत्तम आहेत. जमिनीचे काम मात्र या सेवेत जवळजवळ नाहीच.

त्याने सुरुवातीला थर्माकोलच्या स्वस्त पॅनेलचा दर दिला, पण तेवढ्याच जाडीचे पफ पॅनेल उष्णता बरीच अधिक अडवते हेही त्याने स्वतःहून सांगितले. भिंतींना ५० मिमी आणि छताला ८० मिमी जाडी घेण्याचा त्याचा सल्ला योग्य ठरला. जळगाव साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेअखेरीस मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि उन्हाचा खरा मारा भिंतींवर नव्हे, तर छतावर होतो. दुपारनंतर पश्चिमेची भिंत तापते, म्हणून खिडकी उत्तरेला ठेवली. सिमेंटचा स्लॅब दिवसभर साठवलेली उष्णता रात्री खोलीत सोडत राहतो. या खोलीत तो त्रास नाही. उलट, वीज गेली की गारवाही फार वेळ टिकत नाही. मातीच्या जाड धाब्याखालचा संथ थंडावा पॅनेलकडून अपेक्षूच नये.

नाराजी आहे ती पायाबद्दल. 'ओटा ग्राहकाने करावा' एवढीच ओळ दरपत्रकाच्या तळाशी होती आणि तोंडी सल्ला असा की, चार काँक्रीटचे ठोकळे ठेवले तरी चालेल. खान्देशातील काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा ठोकळे कमीजास्त उचलले जाऊन पॅनेलचे सांधे उघडणार, हे येथेच धंदा करणाऱ्याला सांगावे लागू नये. आम्ही गवंड्याकडून काळी माती काढून घेतली, मुरूम थराथराने पाणी मारून धुमसून भरला आणि त्यावर उंच जोते बांधले. हा खर्च दरपत्रकातील रकमेत धरलेला नव्हता.

पहिल्या मोठ्या पावसात छत आणि भिंत यांच्या सांध्यातून पाणी झिरपले. वारंवार फोन केल्यावर माणूस आला आणि सिलिकॉन भरून गेला. वास्तविक तेथे भिंतीवर उतरणारी पत्र्याची पट्टीच हवी होती, ती नंतर मागून बसवून घ्यावी लागली.

पॅनेलचे काम मी पुन्हा त्याच्याकडेच देईन, कारण चौकट काटकोनात आहे आणि दार आजही अडकत नाही. वायरिंग मात्र देणार नाही. त्याने तारा पाइपाशिवाय थेट फोममधून नेल्या होत्या. फोम जळणारा पदार्थ असल्यामुळे आमच्या वायरमनने त्या सगळ्या काढून भिंतीवरून पाइपातून नव्याने ओढल्या.