स्टँडमागचा बेघर निवारा: शेजारणीचा अभिप्राय

एसटी स्टँडच्या मागच्या फाटकासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. डाव्या अंगाला एक रसवंती सोडली की पालिकेची जुनी शाळा. पट घटत घटत शाळा बंद पडली आणि तीन वर्षांपूर्वी तिथं बेघरांसाठी निवारा सुरू झाला. गावाचं नाव लिहीत नाही. आत राहणाऱ्या काहींना आपला पत्ता घरच्यांना कळायला नको असतो, शिवाय पुढं मी थोडी तक्रारही करणार आहे.

नकाशावर या जागेला ११ जणांनी तारे दिलेत. त्यातले ९ जण एक तारावाले. सातजणांना मी ओळखते, त्यातला एकही कधी आत गेलेला नाही. म्हणून म्हटलं, आपणच लिहावं.

आधी माझं पाप सांगून टाकते. निवारा नको म्हणून जे निवेदन गेलं त्यावर माझीही सही आहे, एकोणिसावी. त्या निवेदनाच्या ६० प्रती माझ्याच मशीनवर निघाल्या. चार पानं, पाठपोट, पैसे रोख. चोऱ्या वाढतील, लेकीबाळींना रस्ता बंद होईल, जागांचे भाव पडतील, असं सगळं त्यात होतं. भाव पडतील हे ज्यानं लिहिलं तो स्वतः भाड्यानं राहतो, पण ते असो.

निवारा सुरू झाला तेव्हा दारावर पाटी होती. आधार कार्डाची झेरॉक्स आणावी. दोन फोटो आणावेत. गेट रात्री १० ला बंद होईल. दारू पिऊन येणाऱ्यास प्रवेश नाही. जादा सामान आणू नये. पाटी वाचून मला वाटलं, चला, आपला धंदा वाढणार. कसला वाढतोय! माणसं यायची, काचेवर हात टेकून उभी राहायची आणि विचारायची, "ताई, कार्ड नसलं तर झेरॉक्स निघंल का?" एका हमालाची पिशवी स्टँडवर झोपेत गेली, त्यात कार्ड, फोन, सगळंच. दुसऱ्याच्या कार्डावरचं नाव पावसानं पुसलेलं. एक बाई नुसतीच हसायची. छापील कागद नीट जपून ठेवायला आधी पत्र्याची एक पेटी लागते, पेटी ठेवायला कोपरा लागतो. तो असता तर ही माणसं इथं कशाला आली असती?

झालं काय, आत ४५ कॉट, त्यातल्या दहा-बारा भरलेल्या. माझ्या पायरीवर पाचजण, रसवंतीच्या पत्र्याखाली तिघं. सकाळी साडेसातला शटर उघडायला आले की "ओ मामा, उठा आता" असं करत एकेकाला हलवायचं, पाण्याची बादली ओतायची, भिंतीकडं नाक धरून बघायचं. गल्ली म्हणायला लागली, बघा, निवारा आला आणि घाण आली. मीही म्हणत होते. पायरीवर झोपलेला माणूस हा निवाऱ्यातला नव्हे, निवाऱ्यानं परत पाठवलेला आहे, हे माझ्या डोक्यात शिरायला सहा महिने गेले.

शिरलं तेही धंद्यामुळंच. निवारा चालवणाऱ्या संस्थेनं नवीन व्यवस्थापक बाई नेमल्या. त्या एक दिवस योजनेची मार्गदर्शक पुस्तिका घेऊन आल्या, तीन प्रती पाहिजेत म्हणाल्या. मशीन तापलं की मला थांबावं लागतं आणि थांबलं की मी समोरचं वाचते. ही सवय जुनी आहे. माझ्या दुकानातून गेलेली निम्म्या गावाची खरेदीखतं मी वाचलेली आहेत.

तर पुस्तिकेत असं होतं. २०१० सालापासून सर्वोच्च न्यायालयानं या बाबतीत आदेश दिले. त्याआधीच्या डिसेंबरात दिल्लीत पुसा रोडवरचा तात्पुरता निवारा भर थंडीत पाडला गेला, त्यावरून ते प्रकरण पेटलं, हे मला बाईंनी तोंडी सांगितलं. २०१३ च्या नागरी उपजीविका अभियानात बेघर निवाऱ्यांची वेगळी योजना आली. एक लाख वस्तीमागं किमान १०० माणसांची कायमची सोय. माणशी ५० चौरस फूट जागा. वर्षाचे सगळे दिवस, चोवीस तास उघडं. जागा शक्यतो स्टँड, स्टेशन, बाजार अशा ठिकाणी, म्हणजे जिथं ही माणसं आधीच असतात तिथं. गावाबाहेर न्या म्हणून आम्ही जे निवेदन दिलं होतं त्याला इथंच उत्तर होतं. मुंबईची वस्ती २०११ च्या जनगणनेत सव्वा कोटीच्या घरात आणि बेघर मोजले गेले ५७ हजारांच्या आसपास. लाखाला शंभर माणसांचा एक निवारा धरला तरी तिथं सव्वाशे निवारे हवेत. आमचं गाव त्या मानानं किस झाड की पत्ती.

पण मी थबकले ते वेगळ्याच पानावर. तिथं लिहिलं होतं की निवाऱ्यात आलेल्या माणसाला ओळखपत्र, मतदार कार्ड, रेशन, बँक खातं हे मिळवून द्यायला मदत करावी. म्हणजे कार्ड हे आत आल्यानंतरचं काम! आमच्याकडं तेच दारात मागून माणूस परत पाठवत होते. मी बाईंना पान दाखवलं. त्या म्हणाल्या, "म्हणूनच तर तीन प्रती काढतेय. एक वॉर्ड ऑफिसला जाणार."

पाटी उतरायला दीड महिना लागला. एका दिवसात काही झालं नाही, एकेक अट गळत गेली.

कार्डाची अट गेली तरी रजिस्टर राहिलं आणि काहीजण रजिस्टरलाच घाबरायचे. आपल्याकडं १९५९ चा भीक प्रतिबंधाचा कायदा आहे, त्याखाली माणसाला उचलून भिक्षेकरीगृहात ठेवता येतं. एकदा तो अनुभव घेतलेला माणूस कुठल्याच वहीत नाव लिहू देत नाही. आता केअरटेकर तोंडानं सांगेल ते नाव लिहितो. ती हसणारी बाई रोज वेगळं नाव सांगते. सोमवारी सुमन, मंगळवारी पार्वती, एकदा तर तिनं माझंच नाव सांगितलं. तो मान खाली घालून लिहितो आणि पुढं कॉट नंबर टाकतो, तो मात्र रोज तोच. रजिस्टरची कोरी पानं माझ्याकडं छापतात म्हणून मला हे माहीत.

मग गेटची वेळ. स्टँडवर केटरिंगची पोरं असतात. लग्नसराईत यांना टेम्पोत घालून कार्यालयावर नेतात, पंगती वाढायच्या, भांडी आवरायची आणि रात्री एक-दीडला परत स्टँडवर सोडायचं. गेट १० ला बंद. म्हणजे कष्ट करून येणारा बाहेर आणि दिवसभर बसून असलेला आत, असा न्याय. पांढरा शर्ट, काळी पॅन्ट, गळ्यात सुटलेला बो, अशी चार पोरं माझ्या पायरीवर ओळीनं झोपलेली मी पाहिली आहेत. अंगाला बासुंदीचा वास. आता गेट बंद असतं पण कुलूप नसतं. बेल वाजवायची, रात्रपाळीचा माणूस उघडतो.

दारूचं प्रकरण सगळ्यात अवघड होतं आणि अजून आहे. बाईंचा नियम साधा: पिऊन आलेला चालेल, आत प्यायलेली चालणार नाही, हात उचललेला तर अजिबात नाही. पिऊन आलेल्याला मोठ्या हॉलमध्ये न घेता बाहेरच्या व्हरांड्यात झोपवतात, तिथं ताडपत्रीचा आडोसा केलाय. आमच्या गल्लीत यावरून फार बोलणी झाली. "दारुड्यांना पोसतायत." माझं म्हणणं एवढंच की ते आधीही पीतच होते, फक्त पिऊन माझ्या शटरला टेकायचे.

गेल्या वर्षी अशाच एकानं भांडणात दगड भिरकावला, तो माझ्या दर्शनी काचेवर बसला. काच १,८०० रुपयांची. मी तावातावानं गेले. बाई दुसऱ्या दिवशी काचवाल्याला घेऊनच आल्या. निम्मे पैसे कुठून दिले देव जाणे, कारण तेव्हा त्यांचाच पगार अडकलेला होता. दगड मारणारा आठवडाभर समोरून गेला की रस्ता बदलून जायचा. त्याला बाहेर काढलं नाही याचा मला तेव्हा राग आला होता. आजही थोडा आहे.

सामानाची अट उठली ती एका म्हाताऱ्यामुळं. त्यांच्याकडं एक बोचकं होतं, साडीत बांधलेलं, त्यात काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. बोचकं बाहेर ठेवा म्हटलं की ते स्वतःच बाहेर राहायचे. आता प्रत्येक कॉटखाली पत्र्याची ट्रंक आहे. बोचकं मात्र ट्रंकेत मावत नाही, ते उशाला असतं. कुत्र्याचंही तसंच. एकाची कुत्री पाण्याच्या टाकीजवळ बांधतात, तो जवळच्या खिडकीखालची कॉट मागून घेतो.

आत मी पहिल्यांदा गेले ती उधारी वसूल करायला. शाळेचाच वर्ग. भिंतीवर अजून "अ अननसाचा" आहे, खाली कॉटची रांग, रेक्झिनच्या गाद्या. समोर फळा. फळ्यावर वर कोपऱ्यात तारीख, वार, अगदी शाळेसारखं, आणि खाली लिहिलेलं:

३.३० – कॉट ११ (दूध गाडी)
४ – कॉट १७, १८ (भाजी मार्केट)
५.३० – कॉट ६ (गोळी द्या, मग उठवा)
उठवू नका – कॉट २३

मी विचारलं, तेवीसला का नाही उठवायचं? केअरटेकर म्हणाला, "रात्रपाळी झालीय त्यांची. वॉचमन आहेत." ज्यांच्या बंगल्यावर ते वॉचमन आहेत, त्या घरातली एक सही निवेदनावर आहे. मी काही बोलले नाही. उधारीही त्या दिवशी मागितली नाही, पुढच्या आठवड्यात मागितली.

आता तक्रारी. संडास चार, त्यातले चालू दोन. ४५ माणसांना दोन संडास म्हणजे पहाटे पाचला रांग, भांडण आणि मग कुणीतरी स्टँडच्या भिंतीकडं वळणारच. हे तीन वर्षं वॉर्ड ऑफिसला लिहून चाललंय, पत्रांच्या प्रती माझ्याकडूनच जातात, त्यामुळं आकडा मी सांगू शकते: १४. बायकांची खोली आठ कॉटची आणि तिचा दरवाजा पुरुषांच्या पॅसेजमध्येच उघडतो. कुणी आखलं हे, कळत नाही. नवरा-बायकोची सोयच नाही. एक जोडपं, दोघंही साठीपुढचे, वेगळं झोपायचं नाही म्हणून अजून फलाटावरच असतं. योजनेच्या पुस्तिकेत कुटुंबांसाठी वेगळ्या निवाऱ्याची गोष्ट आहे, आमच्या गावात ती कागदावरच राहिली. ढेकूण होतात. दर रविवारी गाद्या उन्हात टाकतात तरी होतात. आणि कर्मचाऱ्यांचे पगार चार-चार महिने मागं असतात. रात्री दीडला उठून दार उघडणाऱ्या माणसाला पगार वेळेवर मिळत नसेल तर तो किती दिवस उघडेल, हा माझ्या पायरीच्या दृष्टीनं अतिशय स्वार्थी प्रश्न आहे.

जेवण एक वेळचं, रात्री, जवळच्या बचत गटाच्या बायका करतात. आमटी पातळ असते. मी खाऊन पाहिली आहे.

शेजार म्हणून विचाराल तर सकाळी सहाला निवाऱ्यातले दोघं-तिघं कोपऱ्यापर्यंत गल्ली झाडतात. पालिकेचा झाडूवाला आमच्याकडं कधी आला होता ते आठवावं लागेल. रसवंतीवाला, ज्यानं निवेदनावर पहिली सही केली, त्यानं निवाऱ्यातलाच एकजण चिपाडं उचलायला ठेवलाय. हजेरी देतो का पुरती, मला शंका आहे, पण ठेवलाय. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी बाई गल्लीला चहाला बोलावतात. पहिल्यांदा मी आणि बोर्डाचा पेंटर असे दोघंच होतो, आता सात-आठ येतात. निम्मे चहाला आणि निम्मे संडासाबद्दल भांडायला. दोन्ही चालतं.

माझ्याकडून चार तारे. पाचवा त्या दोन बंद संडासांच्या नावानं राखून ठेवलाय, दुरुस्त झाले की देईन.

कुणाला तिथं पाठवायचं असेल तर कार्ड, फोटो, चिठ्ठी काही लागत नाही. स्टँडच्या मागच्या फाटकातून बाहेर पडायचं, रसवंतीच्या पलीकडचं निळं गेट. रात्री उशीर झाला असेल तर बेल दोनदा दाबा. पहिल्यांदा वाजत नाही.